न्यायमूर्तींच्या नेमणुकीची फाइल कोणाच्या टेबलावर असते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या गाजलेल्या खटल्याचा निकाल लागला की दोनच वाक्ये ऐकू येतात. ‘न्यायालयाने कणा दाखवला’ किंवा ‘न्यायालय झुकले’. निकाल देणाऱ्याच्या धैर्याचे मोल आहेच. पण न्यायालय स्वतंत्र राहणार की नाही, हे बहुतेक वेळा निकालाच्या बऱ्याच आधी आणि गाजावाजा न होता ठरलेले असते. नेमणूक कोण करतो, बदली कोण करतो, निवृत्तीचे वय कोण बदलू शकतो, कोणता खटला कोणापुढे लावायचा हे कोणाच्या हातात आहे, आणि निवृत्तीनंतर काय पदरात पडू शकते, या गोष्टींवर ते ठरते. ही सूत्रे कोणाकडे जातात हे त्या त्या वेळचे राजकारण ठरवते. याबद्दल तपशिलाने लिहावे असे वाटले, म्हणून हे लांबलेले पत्र.

याचा एक जुना दाखला मुंबई-पुण्याचाच आहे. १८२४ मध्ये राजाच्या सनदेने मुंबईत सर्वोच्च न्यायालय सुरू झाले. आजच्या उच्च न्यायालयाच्या आधीचे हे न्यायालय. त्याचे न्यायाधीश ईस्ट इंडिया कंपनीने नेमलेले नव्हते, इंग्लंडच्या राजाने नेमलेले होते. त्यामुळे कंपनीच्या कारभारावर बोट ठेवायला ते कचरत नसत. १८२८ मध्ये मोरो रघुनाथ या चौदा वर्षांच्या मुलाचे प्रकरण त्यांच्यापुढे आले. हा मुलगा पुण्यात पांडुरंग रामचंद्र ढमढेरे या नातलगाच्या ताब्यात होता. त्याला न्यायालयात हजर करा, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम निघाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना ते मानवले नाही. पेशवाई बुडून अवघी दहा वर्षे झाली होती, दख्खनच्या सरदार घराण्यांना कंपनीने मानमरातबाची आश्वासने दिली होती, आणि मुंबईच्या न्यायालयाचा माणूस पुण्याच्या वाड्यात शिरला तर त्या आश्वासनांना किंमत राहणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. असे हुकूम काढू नयेत, असे सरकारने न्यायाधीशांना पत्राने कळवले.

त्याच काही आठवड्यांत मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट आणि पाठोपाठ सर चार्ल्स चेंबर्स यांचे निधन झाले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. हुकूम पाळलाच जाणार नसेल तर न्यायालय चालवायचे कशाला, म्हणून १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी न्यायालयाचे कामकाज बंद केले. वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, गेला आणि तिथे न्यायालयाच्या विरोधात मत पडले. मुंबईबाहेरच्या, न्यायालयाच्या अधिकारकक्षेत न येणाऱ्या माणसाविरुद्ध असा हुकूम काढता येत नाही, असे ठरले. इथवरचा भाग कायद्याचा म्हणता येईल. पुढे मात्र मुख्य न्यायाधीशाच्या रिकाम्या जागी जेम्स ड्यूअर यांची नेमणूक झाली. ते तोवर कंपनी सरकारचेच मुंबईतले अॅडव्होकेट जनरल होते. दुसरी जागाही भरली गेली. कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणारे मंत्री लॉर्ड एलनबरो यांनी माल्कम यांना खासगी पत्रात कळवले की ग्रँट यांची अवस्था आता दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये उभ्या केलेल्या रानहत्तीसारखी होईल. ते पत्र फुटले आणि छापून आले, म्हणून ही योजना आपल्याला ठाऊक आहे. कोणालाही बडतर्फ केले नाही, एकही कलम बदलले नाही. दोन नेमणुका पुरल्या.

खुद्द इंग्लंडमध्ये तेव्हा राजाला न्यायाधीशांशी इतक्या मोकळेपणाने वागता येत नव्हते. १६१६ मध्ये पहिल्या जेम्स राजाने मुख्य न्यायाधीश एडवर्ड कोक यांना घरी पाठवले होते, तेव्हा ते चालून गेले. १७०१ च्या कायद्याने ते थांबले. वर्तन चांगले असेपर्यंत न्यायाधीश पदावर राहील, आणि काढायचे असेल तर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तशी मागणी केली पाहिजे, असे ठरले. हे संसदेला सुचले ते केवळ तत्त्वप्रेमातून नव्हे. पुढचा राजा कोण, त्याच्या दरबारात कोणत्या गटाचे चालणार, याची तेव्हा कोणालाच खात्री नव्हती. आज आपल्या हाती असलेले हत्यार उद्या विरोधकाच्या हाती जाईल, ही धास्ती दोन्ही बाजूंना होती. न्यायालयांच्या इतिहासात ही धास्ती वारंवार दिसते आणि ती फार उपयोगी ठरली आहे. वसाहतीत राज्यकर्त्यांना तशी धास्ती नव्हती, म्हणून हे संरक्षण जहाजात चढलेच नाही. १८६१ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे उच्च न्यायालये स्थापण्याची तरतूद झाली, तीतही न्यायमूर्तींची मुदत राणीच्या मर्जीवरच ठेवली होती. ती अट १९३५ च्या कायद्याने गेली.

१९५० च्या राज्यघटनेने आपल्याकडे पाया भक्कम घातला. न्यायमूर्तीला काढायचे तर प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत लागते. हे किती अवघड आहे ते १९९३ मध्ये दिसले. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावरील आरोप चौकशी समितीने मान्य केले होते, तरी लोकसभेत १९६ मते ठरावाच्या बाजूने पडली, २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि ठराव बारगळला. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पगार विधिमंडळाच्या वा संसदेच्या मतदानावर अवलंबून नाहीत. काढण्याच्या ठरावाखेरीज सभागृहात त्यांच्या वर्तनावर चर्चा करायला बंदी आहे.

पण तीन जागा सैल राहिल्या. पहिली नेमणुकीची. सरन्यायाधीशांशी ‘विचारविनिमय’ करून राष्ट्रपती नेमणूक करतील, एवढेच घटनेत आहे. त्यांची संमती बंधनकारक करावी अशी सूचना घटना समितीत आली होती. डॉ. आंबेडकरांनी २४ मे १९४९ रोजी ती नाकारली, कारण सरन्यायाधीश हाही गुणदोष असलेला माणूस आहे आणि एका माणसाच्या हाती नकाराधिकार देणे धोक्याचे आहे. सगळे अधिकार मंत्रिमंडळाला देणेही त्यांना मान्य नव्हते. मधला मार्ग म्हणून विचारविनिमय आला. दुसरी सैल जागा उच्च न्यायालयातील बदलीची, कलम २२२. तिसरी अतिरिक्त न्यायमूर्तींची, १९५६ मध्ये घटनादुरुस्तीने आलेली, कलम २२४. काम साचले तर दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीने अतिरिक्त न्यायमूर्ती नेमता येतात. हळूहळू प्रत्येक नवा न्यायमूर्ती आधी अतिरिक्त म्हणूनच येऊ लागला, म्हणजे कायम होईपर्यंतची त्याची सुरुवातीची वर्षे सरकारच्या डोळ्यांदेखत जातात. सरन्यायाधीशपदी ज्येष्ठतम न्यायमूर्तीच येतील, हेही कुठे लिहिलेले नव्हते. तो केवळ संकेत होता.

पहिली वीस वर्षे संकेतांवर निभावले. सत्ताधारी पक्ष तेव्हाही बलाढ्यच होता, पण राज्य चालवणारी पिढी त्याच न्यायालयांत वकिली केलेली होती. १९७१ च्या निवडणुकीनंतर मोठे बहुमत आणि न्यायालयाशी उघड संघर्ष एकाच वेळी आले. संसदेला घटनेची मूळ चौकट बदलता येत नाही, असे ठरवणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा असा दिला. दुसऱ्याच दिवशी शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून न्या. अजित नाथ राय यांचे नाव सरन्यायाधीश म्हणून जाहीर झाले. तिघांनीही राजीनामे दिले. घटनेतला एक शब्दही मोडला गेला नव्हता.

आणीबाणीत उरलेल्या दोन सैल जागा वापरल्या गेल्या. १९७६ मध्ये उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायमूर्तींच्या त्यांच्या संमतीविना बदल्या झाल्या. तोवर संमती घेण्याची रीत होती. दिल्ली उच्च न्यायालयात कुलदीप नय्यर यांच्या अटकेविरुद्धचे प्रकरण ऐकणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी न्या. रंगराजन यांची गुवाहाटीला बदली झाली. दुसरे न्या. आर. एन. अग्रवाल अतिरिक्त होते, त्यांना कायम न करता पुन्हा सत्र न्यायाधीश म्हणून पाठवण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील अतिरिक्त न्यायमूर्ती यू. आर. लळित यांनाही कायम केले गेले नाही. बदली आणि मुदतवाढ यांचा धाक कसा काम करतो ते नीट समजून घ्यायला हवे. सोळा जणांना हलवले की उरलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. ज्याची मुले शाळेत आहेत, ज्याचे आईवडील थकलेले आहेत, ज्याला मुदत संपल्यावर पुन्हा वकिलीकडे वळावे लागेल, तो प्रत्येक जण मनाशी हिशेब करू लागतो. तरीही नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी आणीबाणीतदेखील अटकेविरुद्ध दाद मागता येते असे म्हटले, याची नोंद आदराने घेतली पाहिजे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ती दारे बंद केली. विरोधी मत देणाऱ्या न्या. एच. आर. खन्ना यांना जानेवारी १९७७ मध्ये डावलले गेले आणि त्यांनीही राजीनामा दिला.

पुढची घटना कमी सांगितली जाते. १९७८ मध्ये जनता सरकारपुढे सरन्यायाधीश नेमण्याची वेळ आली. ज्येष्ठतम होते न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड. ते २८ एप्रिल १९७६ च्या निकालात बहुमताच्या बाजूला होते, म्हणून त्यांना डावलावे अशी मागणी मुंबईतल्या नामवंत वकिलांकडूनच झाली. ती मागणी करणाऱ्यांचा संताप समजण्यासारखा होता. सरकारने ती मानली नाही आणि ज्येष्ठतेचा संकेत पुन्हा उभा केला. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. निकालाची शिक्षा म्हणून एकाला डावलले, की पुढच्या सरकारला तेच करायला नैतिक आधार मिळतो. त्याच वर्षी चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. नुकतेच तुरुंगातून सुटलेले आणि पुन्हा सत्ता जाऊ शकते हे ओळखून असलेले लोक हे कायदे करत होते.

यानंतरचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९८० मध्ये पुन्हा मोठे बहुमत आले, आणि १९८१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, शेवटचा शब्द सरकारचा, असा निकाल दिला. १९८९ नंतर पंचवीस वर्षे कुठल्याच निवडणुकीत एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले नाही. याच काळात, ऑक्टोबर १९९३ मध्ये, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ उलटवला आणि नेमणुका ठरवणारे ज्येष्ठ न्यायमूर्तींचे मंडळ, म्हणजे न्यायवृंद (कॉलेजियम), जन्माला आला. १९९८ मध्ये त्याला आजचे रूप मिळाले. सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांसाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायमूर्ती, उच्च न्यायालयांतील नेमणुकांसाठी सरन्यायाधीश आणि दोन. २०१४ मध्ये तीस वर्षांनी एका पक्षाला बहुमत मिळाले आणि तीन महिन्यांत न्यायिक नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली. ती जवळजवळ एकमताने झाली, म्हणजे विरोधी पक्षांनाही न्यायवृंद नकोच होता, हे नमूद केले पाहिजे. त्या सहा जणांच्या आयोगात कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती असणार होत्या, आणि कोणत्याही दोघांनी विरोध केला तर नाव अडणार होते. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ती दुरुस्ती रद्द केली.

सरकार मजबूत असले की नेमणुकीचा अधिकार त्याच्याकडे सरकतो, सरकार काठावर असले की न्यायालयाकडे. यावरून लगेच दुबळे सरकार चांगले असे म्हणायचे कारण नाही. पण ज्या व्यवस्थेत या अधिकाराला नियमांची चौकट नाही, तिथे तो राजकीय बळाबरोबर इकडून तिकडे जात राहतो, हे कागदोपत्री दिसते.

२०१५ मध्येच पोलंडमध्ये जे सुरू झाले, त्याचा अभ्यास आपल्याकडच्या प्रत्येक वकील संघाने करावा. तिथल्या घटना न्यायाधिकरणात पंधरा न्यायाधीश, नऊ वर्षांची मुदत, निवड संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची. ऑक्टोबर २०१५ ची निवडणूक हरणार हे दिसत असताना मावळत्या बहुमताने घाईने पाच जागा भरून टाकल्या. त्यांतल्या दोन जागा नव्या सभागृहाच्या काळात रिकाम्या होणार होत्या, त्या भरण्याचा त्यांना अधिकार नव्हता. ही चूक फार महागात पडली. ‘कायदा आणि न्याय’ पक्षाला ४६० पैकी २३५ जागा मिळाल्या आणि त्याने दोनाऐवजी पाचही निवडी मोडीत काढल्या. अध्यक्ष आंद्रेय दुदा यांनी आधीच्या पाचांपैकी कोणालाच शपथ दिली नाही, नव्यांना मात्र निवड होताच रातोरात दिली. आधीच्या तिघांची निवड वैध आहे, असे न्यायाधिकरणाने ३ डिसेंबरला सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही.

त्यानंतर आले कामकाजाचे नियम. डिसेंबर २०१५ च्या कायद्याने पूर्ण पीठासाठी पंधरापैकी तेरा जणांची हजेरी, निकालासाठी साध्या बहुमताऐवजी दोनतृतीयांश, आणि खटले दाखल झाल्याच्या क्रमानेच ऐकण्याची सक्ती आली. वरवर पाहता यात आक्षेपार्ह काय, असे वाटेल. पण शपथ न मिळालेल्या न्यायाधीशांमुळे तेरा जण जमणेच मुश्कील होते, आणि क्रमाची सक्ती म्हणजे नव्या सरकारच्या नव्या कायद्यांना आव्हान देणारे अर्ज रांगेच्या शेवटी. मार्च २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने हा कायदा रद्द केला, तेव्हा पंतप्रधानांनी तो निकाल राजपत्रात छापायलाच नकार दिला.

२०१७ पासून मोर्चा सामान्य न्यायालयांकडे वळला. सहा महिन्यांसाठी न्यायमंत्र्याला कारण न देता न्यायालयांचे प्रमुख बदलण्याचा अधिकार मिळाला आणि दीडशेच्या आसपास प्रमुख आणि उपप्रमुख बदलले गेले. न्यायाधीशांची शिफारस करणाऱ्या पंचवीस जणांच्या राष्ट्रीय परिषदेत पंधरा न्यायाधीश असत आणि त्यांना न्यायाधीशच निवडत. ती निवड संसदेकडे गेली. सर्वोच्च न्यायालयातील निवृत्तीचे वय सत्तरवरून पासष्टवर आणले, तेही पदावर असलेल्यांना लागू करून. बहात्तरपैकी सत्तावीस जणांवर गदा आली. मुदतवाढ हवी असेल तर देशाच्या अध्यक्षांकडे अर्ज करायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमुख मालगोजाता गेर्सदोर्फ यांची सहा वर्षांची मुदत घटनेनेच ठरवलेली होती, म्हणून त्या जुलै २०१८ मध्ये नेहमीप्रमाणे कामावर हजर झाल्या. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये अंतरिम आदेश दिला आणि सरकारला ती तरतूद मागे घ्यावी लागली. न्यायाधीशांवर कारवाई करणाऱ्या नव्या शिस्तपालन कक्षाचे कामकाज थांबवले नाही म्हणून ऑक्टोबर २०२१ पासून रोज दहा लाख युरोचा दंड बसला. बाहेरून असा धाक असणारे न्यायालय भारताला नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

पोलंडचा खरा धडा २०२३ नंतरचा आहे. त्या पक्षाचे बहुमत गेले, डिसेंबरमध्ये नवे सरकार आले, आणि पूर्ववत करायचे कसे हे कोणाला कळेना. बदललेल्या परिषदेच्या शिफारशीवरून दोन हजारांहून अधिक न्यायाधीश नेमले गेले होते. त्यांना सरसकट काढावे तर त्यांनी दिलेल्या घटस्फोटांचे, वारसाहक्काच्या निकालांचे, शिक्षांचे काय? ठेवावे तर नियमभंगाला मान्यता दिल्यासारखे होते. कायदा करावा तर अध्यक्षांचा नकाराधिकार आड येतो आणि तो ओलांडायला लागणारे तीनपंचमांश बहुमत सरकारकडे नाही. मोडायला दोन वर्षे लागली. सांधायला किती लागतील, हे आज तिथे कोणी सांगू शकत नाही.

उलट उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. वर्णभेदी राजवट वाटाघाटीने संपत होती. सत्ता जाणाऱ्या पक्षाला संरक्षण हवे होते आणि सत्तेवर येणाऱ्यांनी दडपशाहीचे कायदे भोगलेले होते. त्यातून घटना न्यायालय उभे राहिले आणि १९९५ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. न्यायाधीश अकरा, मुदत सर्वसाधारणपणे बारा वर्षे, पुन्हा नेमणूक नाही. न्यायिक सेवा आयोग उमेदवारांच्या मुलाखती खुल्या घेतो, आणि जागा जितक्या त्यापेक्षा तीन नावे जास्त पाठवतो, त्यातून राष्ट्राध्यक्ष निवडतात. १९९६ मध्ये या न्यायालयाने संसदेने लिहिलेली राज्यघटनाच पहिल्यांदा दुरुस्तीसाठी परत पाठवली होती. तीस वर्षे एकाच पक्षाचे वर्चस्व राहिलेल्या देशात त्याच पक्षाच्या माजी राष्ट्राध्यक्षाला, जेकब झुमा यांना, २०२१ मध्ये अवमानाबद्दल पंधरा महिन्यांची कैद याच न्यायालयाने ठोठावली. म्हणजे प्रबळ पक्ष असला की न्यायालय मोडतेच असे नाही. चौकट आधी पक्की झालेली असली तर ते तग धरू शकते.

इजिप्तमध्ये ती पक्की नव्हती. राष्ट्राध्यक्ष सादात यांनी १९७९ मध्ये सर्वोच्च घटना न्यायालय उभारले, ते मुख्यतः परदेशी गुंतवणूकदारांना मालमत्तेची हमी वाटावी म्हणून. न्यायालयाने ते काम केलेच, शिवाय निवडणूक कायदा घटनाबाह्य ठरवून १९८७ आणि १९९० मध्ये संसद विसर्जित करायला भाग पाडले. आतल्या न्यायाधीशांतून प्रमुख निवडायचा हा तिथेही संकेतच होता, कायदा नव्हता. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुबारक यांनी बाहेरचा माणूस आणून प्रमुखपदी बसवला आणि सोबत न्यायाधीशांची संख्या वाढवली. आपल्या १९७३ ची आठवण यावी असाच हा प्रकार.

आता आपल्या आजच्या अडचणीकडे. न्यायवृंदाने सरकारचा हात रोखला, पण स्वतःभोवती नियम आखले नाहीत. उच्च न्यायालयातील एका जागेचा प्रवास असा असतो. जागा रिकामी होण्याच्या सहा महिने आधी मुख्य न्यायमूर्तींनी दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांसह नाव सुचवायचे. राज्य सरकारने सहा आठवड्यांत मत द्यायचे, नाही दिले तर हरकत नाही असे धरायचे. मग गुप्तवार्ता विभागाचा अहवाल, कायदा मंत्रालय, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायवृंद, पुन्हा मंत्रालय, पंतप्रधान, राष्ट्रपती. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदती घालून दिल्या. गुप्तवार्ता अहवालाला चार ते सहा आठवडे, केंद्राला आठ ते बारा, आणि न्यायवृंदाने तेच नाव एकमताने पुन्हा पाठवले तर तीन ते चार आठवड्यांत नेमणूक. मुदत चुकली तर काय, हे मात्र कुठेच नाही. त्यामुळे सरकारला नाव नाकारावे लागत नाही, फाइल ठेवून दिली की भागते. एकाच यादीतली काही नावे मंजूर आणि काही बाजूला, असेही करता येते. उच्च न्यायालयात ज्येष्ठता शपथेच्या क्रमाने लागते आणि निवृत्ती बासष्टाव्या वर्षी असते. सहा महिने मागे पडलेला न्यायमूर्ती पुढे मुख्य न्यायमूर्ती होण्याच्या रांगेतून कायमचा बाहेर जाऊ शकतो.

न्यायवृंदही ठाम राहतोच असे नाही. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात असलेले न्या. अकील कुरेशी यांची मे २०१९ मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी शिफारस झाली. केंद्राने ती अडवून ठेवली आणि सप्टेंबरमध्ये न्यायवृंदाने स्वतःच ती बदलून त्रिपुरा केली. कारणे जनतेपुढे आली नाहीत. २०१७ च्या ऑक्टोबरपासून न्यायवृंदाचे ठराव संकेतस्थळावर दिसू लागले, पण बदलीच्या ठरावात ‘न्यायदानाच्या हितासाठी’ यापलीकडे बहुधा काही नसते. खटलेवाटपाचेही तसेच. कोणते प्रकरण कोणत्या पीठापुढे जाईल हे सरन्यायाधीश ठरवतात. जानेवारी २०१८ मध्ये चार ज्येष्ठ न्यायमूर्तींना यावर जाहीर बोलावे लागले, आणि त्याच वर्षी न्यायालयाने तो अधिकार एकट्या सरन्यायाधीशांचाच असल्याचे पुन्हा सांगितले. ज्याला एका माणसाला वश केले की पुरते, त्याचे काम आपण सोपे ठेवले आहे. डॉ. आंबेडकरांची १९४९ मधली शंका इथे लागू पडते.

निवृत्तीनंतरच्या पदांबद्दल विधी आयोगाने १९५८ मध्येच सांगितले होते की न्यायमूर्तींनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये. त्या आयोगाचे सदस्य असलेले मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला त्याच वर्षी अमेरिकेत राजदूत म्हणून गेले. पुढे २०१४ मध्ये एक माजी सरन्यायाधीश केरळचे राज्यपाल झाले, २०२० मध्ये दुसरे निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेवर आले. यात पक्षभेद नाही. उपाय साधा आहे. सरकारने द्यायच्या कोणत्याही पदासाठी निवृत्तीनंतर किमान दोन वर्षांचा खंड कायद्याने घालावा, आणि ज्या न्यायाधिकरणांवर निवृत्त न्यायमूर्ती लागतातच, तिथली निवड सरकारकडून काढून घ्यावी. उच्च न्यायालयातील निवृत्तीचे वयही पासष्ट करून दोन्हीकडे सारखे करावे. तीन वर्षांच्या वाढीव सेवेसाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे एक कारण त्याने कमी होईल.

एक गोष्ट थेट महाराष्ट्राची. महसूल गोळा करणारा मामलेदारच किरकोळ गुन्ह्यांचा न्याय करतो, ही पद्धत मुंबई राज्याने १९५१ च्या कायद्याने मोडायला घेतली. देशभर ते १९७४ मध्ये झाले. पण चॅप्टर केस (शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घेण्याची कारवाई), जमावबंदी आणि तडीपारी आजही तहसीलदार, प्रांत किंवा पोलीस अधिकाऱ्याच्याच हाती आहेत. आयुक्तालय असलेल्या शहरांत तर नोटीस काढणारे आणि ती ऐकणारे दोघेही पोलीस खात्याचेच असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या स्वातंत्र्यावर तावातावाने बोलणारे आपण इथे काहीच बोलत नाही, आणि गरीब माणसाचा न्यायव्यवस्थेशी पहिला संबंध अनेकदा इथेच येतो. हे अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे देण्याची मागणी विधिमंडळात व्हायला हवी. जिल्हा न्यायालयांच्या इमारती आणि कर्मचारी यांचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात मतदानाला येतो, तेव्हा ती करण्याची संधी दरवर्षी असते.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर पदे ९४ आहेत आणि त्यांतली बरीच रिकामी असणे नेहमीचेच झाले आहे. दर तीन महिन्यांनी एक तक्ता छापावा. नाव नको, फक्त शिफारशींचे क्रमांक असावेत. प्रत्येकीपुढे चार तारखा असाव्यात. उच्च न्यायालयाने शिफारस कधी केली, राज्य सरकारचे मत कधी गेले, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने ठराव कधी केला, राष्ट्रपतींची अधिसूचना कधी निघाली. पहिल्या दोन तारखा माहिती अधिकारात मागाव्या लागतील आणि कदाचित नाकारल्या जातील. नाकारल्या तर त्या रकान्यात ‘माहिती दिली नाही’ एवढेच छापावे, आणि कोणत्या कार्यालयाने दिली नाही तेही.

आपला,
कायद्याचा एक अध्यापक, पुणे